नवा अल्टरनेटर, जुन्या तारा

वायरिंगवाल्याच्या टपरीवर एक तक्रार ठरलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी नवी टाकली, अल्टरनेटर नवा टाकला, तरी सकाळी गाडी सेल्फ घेत नाही." मुरलेला वायरिंगवाला हे ऐकून बॉनेट उघडतो, पण चकचकीत अल्टरनेटरकडे आधी बघतच नाही. इंजिनपासून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी तो हलवून पाहतो, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशी खरवडतो आणि मग विचारतो, "चावी फिरवल्यावर मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा लागतो का?" गिऱ्हाईक विचारात पडतं. त्या दिव्याकडे त्याने कधी लक्षच दिलेलं नसतं.

त्या प्रश्नात अर्धं निदान असतं. अल्टरनेटर दुकानात सुटा मिळतो, म्हणून तो सुटा भाग वाटतो. गाडीत मात्र तो एका फेरीतला एक मुक्काम आहे. त्याच्यातून निघालेली वीज जाड तारेने बॅटरीकडे जाते, दिवे, इग्निशन, पंखा यांना पुरवली जाते आणि बॉडीच्या पत्र्यातून, इंजिनच्या धातूतून पुन्हा अल्टरनेटरच्या अंगाशी येते. या वाटेवर एखादा जोड गंजलेला असला, की नवं यंत्रही जुन्याच्या वळणावर जातं.

गाडीतली वीज बॅटरीतून येते असं बऱ्याच जणांना वाटतं. इंजिन सुरू होईपर्यंत ते खरंही असतं. सेल्फ मारताना बॅटरी काही क्षण शंभराहून जास्त अँपिअर देते आणि तिथे तिचं मुख्य काम संपतं. इंजिन एकदा बोलू लागलं, की सगळा घरखर्च अल्टरनेटर चालवतो आणि उरलेल्यातून बॅटरीची उधारीही फेडतो.

ही वीज तयार होते ती मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वावर. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवलं, की तारेत वीज उमटते. अल्टरनेटरच्या पोटात फिरतो तो रोटर. त्याच्या गुंडाळीत तीन-चार अँपिअर सोडले, की तो चुंबक होतो. त्याच्याभोवती स्थिर बसलेल्या स्टेटरमध्ये तांब्याच्या तीन गुंडाळ्या असतात. शेतातल्या मोटारीसाठी ज्या थ्री फेजची वाट पाहत शेतकरी रात्र जागून काढतो, तीच थ्री फेज इथे छोट्या प्रमाणात बॉनेटखाली तयार होत असते. फक्त ही वीज सारखी दिशा बदलते आणि बॅटरीला तर एकाच दिशेची लागते. त्यासाठी सहा डायोड बसवलेले असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर चढू देतो, खाली उतरू देत नाही. डायोड विजेच्या बाबतीत तेच करतो.

उरला लगाम. इंजिन आठशेच्या फेऱ्यांवर गुरगुरत असो की चार हजारांवर ओरडत असो, बॅटरीला साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच हवेत. कमी पडले तर ती भरत नाही, जास्त झाले तर आतलं पाणी उकळून उडतं. हा लगाम रेग्युलेटरच्या हातात असतो. रोटरला जाणारा छोटा प्रवाह भराभर चालू-बंद करत तो बाहेर पडणारा मोठा प्रवाह आवाक्यात ठेवतो.

अल्टरनेटर यायच्या आधी गाड्यांत डायनॅमो असायचा. जुने मेकॅनिक आजही अल्टरनेटरला 'डायनमा' म्हणून जातात. डायनॅमोची मांडणी नेमकी उलटी. तिथे चुंबक स्थिर आणि वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार व्हायची, त्यामुळे सगळा प्रवाह कार्बनच्या दोन तुकड्यांतून बाहेर काढावा लागे. कार्बन झिजायचे, ठिणग्या उडायच्या. शिवाय इंजिन हळू चालत असेल तर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नसे. सिग्नलला गाडी थांबली की हेडलाइट पिवळे पडायचे आणि ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा उजळायचे. लुकासचा सी-४० हा गाजलेला डायनॅमो घेतला, तरी त्याची मजल २२ अँपिअरपर्यंतच. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि लहान झाले, तेव्हा कुठे चित्र पालटलं. क्रायस्लरने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला आणि पुढच्या दशकभरात डायनॅमो मागे पडत गेला.

महाराष्ट्रात ही गोष्ट सांगायला फियाटइतकी सोयीची गाडी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट अकराशेच्या पिढ्या बनल्या. नाकाच्या आकारावरून लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलेली पन्नाशीतली गाडी, मग साठीतली डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईची ओळखच होऊन बसली. तारदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण कुणाच्या वडिलांनी घेतलेली, कुणी हौसेने जतन केलेली फियाट आजही रविवारी सकाळी बाहेर निघते. अशा जुन्या डायनॅमोवाल्या फियाटला अल्टरनेटर बसवणं हे हौशी मंडळींचं नेहमीचं काम आहे. त्यात तारांचे सगळे धडे एकाच गाडीत मिळतात.

हा बदल का करावा लागतो, त्याचं उत्तर हिशोबात आहे. दोन हॅलोजन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचे दिवे धरून तीन. इग्निशनला तीन-चार, वायपरला तितकेच. पावसाळ्यातल्या संध्याकाळी डायनॅमोची सगळी कमाई इथेच संपली. वर हॉर्न, टेप, मोबाइलचा चार्जर आणि कुणी रेडिएटरपुढे विजेचा पंखा लावला असेल, तर बॅटरीतून उचल घेण्यावाचून गत्यंतर नाही. पन्नास-साठ अँपिअरचा अल्टरनेटर हा तुटवडा सहज भरून काढतो. साठ अँपिअर आणि १४ व्होल्ट यांचा गुणाकार ८४० वॅट होतो, म्हणजे एका अश्वशक्तीहून थोडा जास्त. घर्षणात आणि उष्णतेत वाया जाणारं धरलं, तर पट्ट्याला इंजिनकडून याच्या दीडपटीहून अधिक जोर ओढावा लागतो. म्हणून पट्टा सैल असला की नेमका दिवे लावल्यावर तो किंचाळतो. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर दबावा, हे जुनं माप अजूनही कामाचं आहे.

यंत्र बसवण्याचा भाग लेथवाल्याच्या मदतीने उरकतो. डायनॅमोचा ब्रॅकेट अल्टरनेटरला जसाच्या तसा बसत नाही. त्याचे कान कापून, बुश टाकून पुली पट्ट्याच्या रेषेत आणावी लागते. पुली दोन मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी पट्टा कडा खाऊ लागतो. हे जमलं, की माणसाला काम संपल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा ते अर्ध्यावर आलेलं असतं.

वायरिंगला हात लावण्याआधी पहिला पान्हा बॅटरीच्या निगेटिव्हला लागतो. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पान्ह्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, तर बॅटरीची सगळी ताकद त्या पान्ह्यातून धावते. अल्टरनेटरचा बी प्लस हा जाड बोल्टही चावी काढलेली असताना थेट बॅटरीला जोडलेलाच असतो. त्याच्यावरची रबरी टोपी काढून फेकू नये, ती यासाठीच दिलेली असते.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यायची. साठीपर्यंतच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असायचा. अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थिंगसाठी बनलेला असतो. उलट्या जोडलेल्या बॅटरीशी त्याची गाठ पडली, तर डायोड क्षणात जातात.

मग येते ती कटआउटची पेटी. डायनॅमो थांबल्यावर बॅटरीची वीज उलट त्याच्यात जाऊ नये आणि व्होल्टेज चढू नये, ही दोन्ही कामं बॉनेटखालच्या या काळ्या पेटीतल्या कॉइल आणि कॉन्टॅक्ट पॉइंट करायचे. फियाटच्या आकृत्यांत तिच्या टर्मिनलना क्रमांक दिलेले असतात. ५१ म्हणजे डायनॅमोकडून येणारी तार, ६७ म्हणजे त्याच्या चुंबकाला जाणारी आणि ३० म्हणजे बॅटरीची बाजू. अल्टरनेटरमध्ये डायोड आणि रेग्युलेटर आतच असल्याने पेटीचं काम संपतं. ६७ नंबरची तार टोक बांधून बाजूला ठेवली जाते. लाल दिव्याकडून आलेली बारीक तार पेटीवरून सोडवून अल्टरनेटरच्या डी प्लसला जोडली जाते. जपानी पद्धतीच्या अल्टरनेटरवर याच जागी एल असं अक्षर असतं, शेजारी आयजी आणि एस. आयजीला चावीतून येणारी वीज लागते. एस ही बॅटरीचं खरं व्होल्टेज रेग्युलेटरला कळवणारी तार असते. ही अक्षरं न वाचता 'रंग जुळतोय' म्हणून तारा जोडल्या, तर रेग्युलेटरला मुकावं लागतं.

राहिली मुख्य जाड तार, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

डायनॅमोच्या काळची तार वीस-बावीस अँपिअरसाठी घातलेली. तिच्यावर साठ अँपिअरचं यंत्र लावणं म्हणजे अर्ध्या इंची नळीला पाच अश्वशक्तीचा पंप जोडणं. तांब्याचा विरोध ठाऊक आहे, तेव्हा हिशोब कागदावर मांडता येतो. दोन मीटर लांबीची अडीच चौरस मिलिमीटरची तार साठ अँपिअरला सुमारे ०.८४ व्होल्ट वाटेतच गिळते. म्हणजे पन्नास वॅटची उष्णता, एखाद्या सोल्डरिंगच्या खिळ्याएवढी, रबराच्या आवरणाखाली सतत साठत राहते. तीच तार सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.१३ व्होल्टवर येते. अल्टरनेटर तोच, बॅटरी तीच, पण पहिल्या बाबतीत बॅटरीपर्यंत १३.४ व्होल्ट पोचतात आणि दुसऱ्या बाबतीत १४.१. रोज थोडी उपाशी राहिलेली बॅटरी थंडीतल्या पहिल्या सकाळी हात वर करते, आणि दोष नव्या अल्टरनेटरवर येतो.

त्यामुळे नवी जाड तार कटआउटच्या पेटीला वळसा घालून बी प्लसपासून थेट सेल्फच्या सोलेनॉइडवर, बॅटरीची केबल येते त्या बोल्टला नेली जाते. वाटेत अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा मोठा फ्यूज येतो. डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या गाडीत तर हे फारच गरजेचं आहे, कारण तीस अँपिअरच्या जुन्या मीटरमधून सगळा प्रवाह जाऊ दिला तर धूर मीटरमधूनच निघेल. बरेच जण त्या जागी व्होल्टमीटर बसवतात.

तारेच्या टोकाला थिंबल बसवताना कारागीर ओळखू येतो. घाईतला माणूस तारेचे केस पिळून बोल्टभोवती गुंडाळतो किंवा थिंबलवर छिन्नी ठेवून हातोडीचे दोन घाव घालतो. नीट काम करणारा दीड सेंटिमीटर आवरण सोलतो, एकही केस न तुटता सगळी जुडी थिंबलमध्ये सारतो आणि लांब दांड्याच्या क्रिम्पिंगच्या पकडीने असं दाबतो, की आत तांबं आणि थिंबल एकजीव व्हावं. मग तार पायाखाली धरून थिंबल ओढून पाहतो. वरून स्लीव्ह चढवून काडेपेटीच्या नाही तर हॉट गनच्या उष्णतेने आकसवतो. झाळलेला जोड मजबूत दिसतो, पण इंजिन सतत थरथरत असतं आणि झाळ जिथे संपते, नेमक्या त्या कडेला तार वाकून वाकून तुटते. याच थरथरीसाठी तारेला दोन बोटं ढील ठेवलेली असते.

परतीची वाटही तितकीच महत्त्वाची. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या एका विणलेल्या पट्टीपुरताच. पट्टी गंजली किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर परत लावायची राहिली, तर वीज ॲक्सिलरेटर आणि चोकच्या केबलमधून वाट काढते. काही गाड्यांत सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम होते, ती याच कारणाने.

आता तो लाल दिवा. रोटरला चुंबक व्हायला आधी थोडी वीज लागते आणि अल्टरनेटर अजून जागा झालेला नसतो. ती पहिली चूळभर वीज दिव्यातून येते. चावी फिरवली, की बॅटरीतून दिव्यात, दिव्यातून रोटरमध्ये आणि तिथून अर्थला असा दोन-अडीच दशांश अँपिअरचा प्रवाह सुरू होतो. दिवा पेटतो, रोटर जरासा चुंबक होतो. इंजिन फिरू लागताच अल्टरनेटर स्वतःची वीज बनवतो आणि दिव्याच्या दुसऱ्या बाजूलाही चौदा व्होल्ट येतात. दोन्ही बाजूंना पाणी सारख्या पातळीवर आलं की पाट वाहायचा थांबतो, तसा दिवा विझतो. दिवा विझणं ही 'काम सुरू झालं' अशी पावती असते. पण मुळात दिवाच उडालेला असेल, तर पुष्कळशा जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरना पहिली चूळ मिळत नाही. गाडी जोरात रेस केल्यावर ते कधी जागे होतात, कधी नाही.

हल्ली यात नवी भर पडली आहे. मीटरमधले बल्ब काढून लोक एलईडी लावतात. एलईडी उजळायला अगदी थोडी वीज पुरते, म्हणून ती रोटरकडेही तेवढीच सोडते. तीन वॅटच्या साध्या बल्बमधून जे सहज व्हायचं, ते होईनासं होतं. हौशीने एलईडी ठेवायचीच असेल, तर तिच्या जोडीला पन्नास ओहमच्या आसपासचा, पाच वॅटचा रेझिस्टर लावून ती उणीव भरावी लागते.

काम झालं की मल्टिमीटर बोलतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर भरून घेतलेली बरी, कारण मेलेली बॅटरी जिवंत करण्याचं काम नव्या अल्टरनेटरला दिलं तर तो पहिल्याच दिवशी पूर्ण भाराने तापतो. इंजिन सुरू केल्यावर आकडा चौदाच्या पुढे जायला हवा. मग हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावायचं आणि मीटरची एक सुई बी प्लसवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवायची. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर जाड तारेत किंवा तिच्या जोडात आहे. तसंच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात बघायचं. शेवटी मीटर एसीवर करून बॅटरीवर धरला आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर एखादा डायोड गेलेला असण्याचा संशय घ्यावा. असा डायोड रात्रभर बॅटरी पीत राहतो.

एक जुनी परीक्षा मात्र बंद व्हायला हवी. डायनॅमोच्या काळातला मेकॅनिक चालू गाडीच्या बॅटरीची केबल काढायचा. इंजिन बंद पडलं नाही, की 'चार्जिंग ठीक'. अल्टरनेटर असलेल्या गाडीत हे करणं महागात पडतं. भरून चाललेल्या बॅटरीचा आधार अचानक काढला, की रोटरच्या चुंबकातली शक्ती लगेच ओसरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं. बारा व्होल्टच्या गाडीतली उपकरणं तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही उसळी, तिला अडवणारं काही नसेल तर, शंभर व्होल्टपर्यंत धरलेली आहे. फियाटमध्ये यात डायोड जातील. आजच्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

आजच्या गाड्यांनी अनुभवी हातांनाही चकवलं आहे. अनेक नव्या मॉडेलमध्ये किती व्होल्ट द्यायचे, हे अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरला विचारून ठरवतो. सपाट रस्त्यावर पेट्रोल वाचवायला तो हात आखडता घेतो, ब्रेक मारताना किंवा उतारावर फुकटची शक्ती मिळते तेव्हा जोरात भरतो. अशा गाडीत इंजिन चालू असताना कधी १२.६ दिसलं, तर जुन्या सवयीने 'अल्टरनेटर गेला' म्हणून निदान होतं आणि चांगला भाग उतरवला जातो. तिथे सगळे दिवे लावून, स्कॅनर जोडून तपासावं लागतं आणि भागही पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक गाडीत तर अल्टरनेटरच नाही. तिथे मोठ्या बॅटरीतली वीज उतरवून बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला देणारा कन्व्हर्टर असतो.

फियाटवाल्या हौशींना वेगळीच काळजी असते. गाडी प्रदर्शनाला न्यायची, तर बॉनेटखाली सगळं मूळचं दिसायला हवं. डायनॅमोच्या आकाराच्या नळकांड्यात बसवलेले अल्टरनेटर परदेशात मिळतात, पण ते सगळ्यांना परवडत नाहीत. म्हणून बरेच जण कटआउटची काळी पेटी काढतच नाहीत. आतले कॉइल मोकळे करतात, तारा त्याच टर्मिनलवर आणून आतल्या आत जोडतात आणि झाकण पुसून पुन्हा त्याच दोन स्क्रूंनी बसवतात. जुना डायनॅमो गोणपाटात गुंडाळून डिकीत जातो. मग निगेटिव्हची केबल शेवटी लावून चावी फिरवली जाते. लाल दिवा लागतो, सेल्फ दोनदा कण्हतो, इंजिन पकडतं आणि बॉनेटजवळ उभा असलेला वायरिंगवाला मीटरकडे न बघता काचेतून ओरडून विचारतो, "विझला का?"